बेळगावातून मराठी चित्रपट: अनुदान आणि परदेशी सहनिर्मितीची फाईल कशी बांधायची

मराठी चित्रपटाला सरकारी पैसा मिळतो, हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रत्येक होतकरू निर्मात्याला माहीत असतं. तो कधी मिळतो, याची कल्पना मात्र थोड्यांनाच असते. राज्याचं अनुदान चित्रपट पुरा होऊन, सेन्सॉर होऊन, समितीनं पाहून गुण दिल्यावर हातात पडतं. त्या भरवशावर शूटिंग काढता येत नाही. परदेशी सहनिर्मितीचं नेमकं उलट आहे. तिथं शूटिंगच्या आधी जावं लागतं, आणि शूटिंग उरकल्यावर बहुतेक दारं बंद होतात. दोन्हीकडे जायचं असेल तर फाईल पटकथेचा दुसरा खर्डा हातात असतानाच बांधायला घ्या.

आधी दार ठरवा

सीमाभागातल्या निर्मात्यासमोर तीन राज्यं आणि एक केंद्र असतं.

महाराष्ट्राची दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्य देणारी योजना गोरेगावच्या चित्रनगरीतून, महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळामार्फत चालते. परीक्षण समिती चित्रपट पाहून गुण देते आणि गुणांवर दर्जा ठरतो. 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख, या आकड्यांवर योजना बरीच वर्षं चालली. आकडे आणि अटी शासन निर्णयानं बदलतात, त्यामुळे कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या जुन्या पीडीएफवर फाईल बांधू नका. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर सांस्कृतिक कार्य विभागाचे शासन निर्णय तारखेसह मिळतात. अर्ज करताना लागू असलेला निर्णय छापून घ्या, त्यातल्या प्रत्येक अटीसमोर आपला कागद कोणता ते पेन्सिलीनं लिहा. ज्या अटीसमोर काही लिहिता येत नाही, तिथंच फाईल अडणार.

कर्नाटकचं अनुदान माहिती व जनसंपर्क खात्यामार्फत मिळतं. ते कन्नड आणि तुळू, कोडवा, कोंकणी यांसारख्या तिथल्या भाषांसाठी आहे. मराठी चित्रपट कन्नडमध्ये डब करून तो मूळ कन्नड चित्रपट होत नाही. दोन्ही भाषांत खरोखर वेगळं चित्रीकरण करणार असाल, तरच हा विचार करा. मग प्रत्येक आवृत्तीचं सेन्सॉर प्रमाणपत्रही वेगळं लागतं. गोव्यात एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवामार्फत कोंकणी आणि मराठी चित्रपटांना मदत होते, पण ती गोव्याच्या निर्मात्याला. चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणून आपण पात्र, असं होत नाही. केंद्राकडे एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आहे. तिथं पहिला चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकासाठी वेगळी वाट आहे, आणि परदेशी सहनिर्मितीचा रस्ताही तिथूनच जातो.

पत्ता, नाव आणि जीएसटी

सीमाभागातल्या फायली कलेपेक्षा पत्त्यावर जास्त अडतात. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, तिथल्या मराठी भाषकांना महाराष्ट्राच्या काही योजनांत आणि नोकरभरतीत सवलत आहे. ती चित्रपटाच्या योजनेतही आपोआप लागू होते असं धरून चालू नका. निर्मात्याच्या रहिवासाबद्दल आणि चित्रीकरणाच्या जागेबद्दल निर्णयात काय लिहिलंय ते वाचा. शंका असेल तर चित्रनगरीच्या महामंडळाला लेखी विचारा आणि उत्तर फाईलला लावा. फोनवर 'चालेल' म्हणणारा माणूस छाननीच्या दिवशी त्या टेबलावर असेलच असं नाही.

यावर लोक हमखास काढतात ती पळवाट म्हणजे चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत एक गाळा दाखवून महाराष्ट्राचा जीएसटी क्रमांक घ्यायचा. खरंच तिथं काम चालणार असेल तर जरूर घ्या. नुसता बोर्ड लावला असेल तर जागेची पाहणी झाल्यावर नोंदणी रद्द होते, आणि त्या क्रमांकावर घेतलेली सगळी बिलं संशयात येतात.

जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. बेळगावच्या, म्हणजे २९ च्या फर्मनं कोल्हापुरातून कॅमेरा आणि लाईट भाड्यानं घेतले तर बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर) लागतो आणि त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो आपण भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो. पण त्याच युनिटची कोल्हापुरातल्या लॉजवर सोय केली, तर ती सेवा जागेला बांधलेली असल्यानं महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या व्यवहारावरचा कर) लागतो, आणि २९ च्या फर्मला त्याचं क्रेडिट मिळत नाही. बजेट करताना लॉजचा कर खर्चात धरा, कॅमेऱ्याचा धरू नका. क्रेडिट घेतलेला कर निर्मितीखर्चात पुन्हा दाखवला, तर लेखापरीक्षणात तो आकडा कापला जातो.

आता नावं. आधार, रेशन कार्ड, ग्रामपंचायतीचा दाखला हे कन्नडमधून इंग्रजीत आलेले असतात. शाळेचा दाखला मराठी. जुन्या कागदांवर 'बेळगाव'चं जुनं इंग्रजी स्पेलिंग, तर १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर 'बेळगावी'. एका कागदावर 'पाटील', दुसऱ्यावर कन्नड उच्चारानं शेवटी जादा स्वर आलेलं स्पेलिंग, तिसऱ्यावर वडिलांचं नाव नुसत्या आद्याक्षरावर. बँक खातं, पॅन, फर्मचा करार आणि सेन्सॉरचा अर्ज या चार ठिकाणी निर्मात्याचं नाव अक्षरन् अक्षर एकच हवं. तसं नसेल तर शूटिंगआधीच दुरुस्ती करून घ्या. जुन्या कागदांसाठी 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. कन्नड कागदांना मराठी किंवा इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा. भाषांतर मूळ कागदाच्या मागेच टाचलेलं असावं, वेगळ्या फोल्डरमध्ये नको.

शीर्षकाची नोंदणी लवकर उरका. कोल्हापुरात मुख्यालय असलेलं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आपल्याला सगळ्यात जवळचं; निपाणीहून तासाभराचा रस्ता. सभासदत्व आणि शीर्षक दोन्ही फर्मच्या नावानं घ्या. दिग्दर्शकाच्या नावावर शीर्षक आणि निर्माता दुसराच, अशी गाठ नंतर सोडवायला महिने जातात.

कथेचे हक्क

इथं चूक झाली तर अनुदान कदाचित मिळेलही, पण सहनिर्मिती मिळणार नाही. 'लेखक आपल्याच गल्लीतला आहे' या विश्वासावर तोंडी ठरवू नका. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते. आणि वेगळं काही ठरवलं नसेल, तर मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो परत जातो. चित्रपटाला पैसा जमवतानाच दोन वर्षं जातात, हे लक्षात घेतलं तर या शेवटच्या कलमाचा धोका कळेल. म्हणून करारात मुदत 'हक्काच्या संपूर्ण कालावधीसाठी', प्रदेश 'संपूर्ण जग' आणि 'वर्षभरात वापर झाला नाही तरी हक्क परत जाणार नाहीत' ही तीन वाक्यं स्पष्ट असू द्या. माध्यमंही नावानिशी: चित्रपटगृह, टीव्ही, ओटीटी, डबिंग, रिमेक.

दिवंगत लेखकाची कथा असेल तर निधनानंतरची ६० वर्षं मोजा. बेळगावच्या कवयित्री इंदिरा संत २००० साली गेल्या. म्हणजे त्यांच्या ओळी पार्श्वगीतात घ्यायच्या तर २०६० अखेरपर्यंत परवानगी लागणारच. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, एकट्या थोरल्या मुलाची पुरत नाही.

करार कुठं सही होतो त्या राज्याचा स्टॅम्प लागतो. बेळगावात बसून सही करायची आणि गडहिंग्लजहून आणलेला बाँड वापरायचा, असं करू नका. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेचा बाँड अशा करारांना चालत नाही, किमान ५०० चा लागतो.

रोजचा हिशेब

सीए जो खर्चाचा दाखला देतो, तो शूटिंगच्या रोजच्या कागदांवर उभा असतो. खेड्यात शूटिंग असलं की पैसा रोखीनं जातो, आणि गडबड तिथूनच सुरू होते. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर प्राप्तिकरात तो खर्च म्हणून धरत नाहीत. मग लोक तीच रक्कम तीन व्हाउचरांत तोडतात, तारीख मात्र एकच ठेवतात, आणि ऑडिटर पहिल्याच पानावर ते पकडतो.

व्हाउचर असं असावं:

'१४ फेब्रुवारी. दिवस ६, सीन ३१ आणि ३२. बैलजोडी व गाडी, सकाळी ६ ते दुपारी २. जोडीचे ६,००० आणि गाडीवानाचे १,५००. एकूण ७,५००, यूपीआयनं. व्यवहार क्रमांक, गाडीवानाची सही, प्रॉडक्शन मॅनेजरची सही.'

आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा हे असतं: 'किरकोळ खर्च, खानापूर, ७,५००.' हे दुसरं व्हाउचर फाईलमध्ये नसल्यासारखंच. दिवस आणि सीनचा आकडा लिहिण्याचं कारण एवढंच, की तो कॉल शीटशी (त्या दिवशी कोणी, कुठं, किती वाजता यायचं याचा कागद) आणि रोजच्या प्रॉडक्शन रिपोर्टशी ताडून पाहता येतो. परदेशी सहनिर्मात्याचा ऑडिटर नेमकं हेच करतो.

चित्रपटासाठी वेगळं बँक खातं उघडा. निर्मात्याच्या दुकानाच्या किंवा काजू कारखान्याच्या खात्यातून शूटिंगचे पैसे गेले, की ते चित्रपटाचे होते हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. कलाकार-तंत्रज्ञांचा टीडीएस वेळच्या वेळी भरा. वर्षभरात ज्याला ५०,००० च्या वर रक्कम दिली, त्यांची यादी चित्रपट निर्मात्याला प्राप्तिकर खात्याकडे विवरणपत्रात द्यावी लागते. ही यादी आणि सीएचा दाखला यांत तफावत नको.

घरचा वाडा, भावाची जीप, गावानं दिलेलं जेवण याचं काय? पैसे दिले नसतील तर तो खर्च नाही. तो निर्मात्याचा वस्तुरूप सहभाग म्हणून वेगळ्या रकान्यात दाखवा, आणि किंमत त्या भागातल्या चालू भाड्यानं लावा. गोकाकजवळच्या वाड्याला मुंबईचा दर लावला की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

परवाने, बैल आणि तंबाखू

चित्रपटात जनावर असेल, नुसता नांगर ओढणारा बैल का असेना, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यायची. सोबत पशुवैद्यकाचा दाखला आणि मालकाची संमती. शूटिंग झाल्यावर धावाधाव केली तर सेन्सॉर तिथंच थांबतो, आणि सेन्सॉरशिवाय अनुदानाचा अर्जच नाही. ग्रामीण चित्रपटात शेळी, कुत्रं, कोंबडी सहज फ्रेममध्ये येतात. पटकथा वाचताना प्रत्येक जनावराखाली रेघ मारा.

निपाणीच्या तंबाखूवर किंवा विडी कामगारांवर विषय असेल, तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांचे आरोग्यसंदेश, २० सेकंदांची दृक्‌श्राव्य सूचना आणि तंबाखू पडद्यावर असेपर्यंत खाली ठळक इशारा हे सगळं लागतं. एडिटिंगच्या वेळीच त्याची जागा धरा.

खानापूरच्या जंगलात भीमगड अभयारण्य आहे. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची वेगळी परवानगी लागते, आणि गावच्या पंचायतीचं पत्र तिथं उपयोगाचं नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती पुरातत्त्व खात्याची आणि आजूबाजूला लष्कराचा भाग, म्हणजे दोन स्वतंत्र अर्ज. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय हा ड्रोनसाठीचा सरकारी नकाशा पाहा. सांबऱ्याचा विमानतळ आणि लष्करी भाग असल्यानं शहराभोवती बऱ्याच ठिकाणी मोकळीक नाही.

सेन्सॉर ते अनुदान

सेन्सॉरचा अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावर होतो. २०२४ च्या नियमांपासून 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत. प्रमाणपत्रावरचं निर्मात्याचं नाव, फर्मचं नाव आणि लांबी तपासा. नंतर पाच मिनिटं कापलीत तर समितीला दाखवलेली प्रत आणि प्रमाणपत्र जुळत नाही. प्रमाणपत्राची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा, पुढच्या मुदतींचं गणित तिथून करा.

अर्जाला साधारण हे लागतं: सेन्सॉर प्रमाणपत्र, शीर्षक नोंदणी, सभासदत्व, फर्मची कागदपत्रं, कथा-पटकथा-संवाद-संगीताचे करार, सीएचा खर्चाचा दाखला, प्रदर्शनाचे पुरावे, कोणाचंही देणं बाकी नसल्याचं प्रतिज्ञापत्र आणि रद्द केलेला चेक. प्रदर्शनाच्या पुराव्यात ढिलाई फार होते. जाहिरातीचं पोस्टर हा पुरावा नाही. चित्रपटगृहाचा शिक्क्याचा दाखला, रोजच्या खेळांचा हिशेब आणि वितरकाचं पत्र घ्या. बेळगावातल्या थिएटरचा दाखला कन्नडमध्ये मिळाला तर त्यालाही भाषांतर जोडा.

कलाकाराची किंवा लॅबची थकबाकी राहिली आणि त्यांनी तक्रार केली, तर अनुदान अडकतं. शेवटचे हप्ते देताना 'पूर्ण व अंतिम' लिहिलेली पावती मागून घ्या.

परदेशी सहनिर्मिती

भारताचे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, पोलंड, कॅनडा, ब्राझील, न्यूझीलंड, कोरिया, ऑस्ट्रेलिया अशा बऱ्याच देशांशी दृक्‌श्राव्य सहनिर्मितीचे करार आहेत. करारात बसलेला चित्रपट दोन्ही देशांचा 'स्वदेशी' मानला जातो, त्यामुळे तिकडचा निर्माता आपल्या देशाच्या निधीकडे जाऊ शकतो. त्याच्यासाठी मुख्य फायदा हाच. मराठी सिनेमाच्या प्रेमापोटी कोणी खिशात हात घालत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

बहुतेक करारांत प्रत्येक बाजूचा वाटा २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असावा लागतो, आणि पैशाच्या प्रमाणातच तंत्रज्ञ-कलाकारांचा सहभागही. परदेशातून २० टक्के आले आणि सगळं युनिट बेळगाव-कोल्हापूरचं, असं चालत नाही. ध्वनी, रंगसंस्करण, संगीत ही कामं तिकडे देणं सोयीचं पडतं. तिसऱ्याच देशाचा कॅमेरामन घेतला तर पात्रताच धोक्यात येते. माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून आधी तात्पुरती मान्यता, चित्रपट पुरा झाल्यावर अंतिम. पहिली शूटिंगआधी. अधिकृत सहनिर्मितीला केंद्राची भारतात झालेल्या पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत परताव्याची योजनाही आहे. तिची कमाल मर्यादा २०२३ च्या इफ्फीत (गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) ३० कोटींवर नेल्याचं जाहीर झालं आणि अर्ज एनएफडीसीच्या इंडिया सिने हबमार्फत होतो. हाही परतावाच, आगाऊ रक्कम नाही.

परदेशी निर्माता भेटायला युरोप गाठायची गरज नाही. दर नोव्हेंबरात इफ्फीच्या जोडीनं गोव्यात एनएफडीसीचा फिल्म बाजार (२०२५ पासून 'वेव्हज फिल्म बाजार') भरतो. त्यातल्या सहनिर्मिती बाजारासाठीची अर्जाची मुदत काही महिने आधीच संपते. बेळगावहून सकाळी निघून दुपारी पणजीत पोचता येतं, पण निवड झालेल्या प्रकल्पाची भेट आणि कॉरिडॉरमध्ये कार्ड वाटणं यांत फरक आहे.

निधींमध्ये रॉटरडॅम महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स फंड पटकथा-विकासासाठी १०,००० युरो देतो, आणि ही मदत दिग्दर्शक-निर्मात्याला थेट मागता येते. त्याच फंडाच्या युरोपीय सहनिर्मितीच्या मदतीसाठी मात्र अर्ज तिकडचा निर्माता करतो. फ्रान्सच्या सीएनसी या सरकारी चित्रपट संस्थेचा जागतिक सिनेमासाठीचा निधी फ्रेंच निर्मात्यामार्फत, नॉर्वेचा सोरफोंड नॉर्वेजियन निर्मात्यामार्फत. प्रत्येक निधीची पात्र देशांची यादी आधी पाहा.

अर्जातलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान म्हणजे निधीची योजना. समजा चित्रपट अडीच कोटींचा आहे:

परदेशी सहनिर्माता ५० लाख, करारावर सही झालेली.
स्वतःचं भांडवल ७० लाख, बँकेत.
स्थानिक गुंतवणूकदार ६० लाख, संमतीपत्र.
वितरणाची आगाऊ रक्कम ३० लाख, बोलणी चालू.
राज्य अनुदान ४० लाख, अपेक्षित.

बरेच जण शेवटच्या ओळीपुढे 'निश्चित' लिहितात. 'अ' दर्जाच मिळेल हे कोणी लिहून दिलंय? 'ब' मिळाला तर १० लाखांचं भगदाड, काहीच नाही मिळालं तर ४० लाखांचं. मिळालं तरी उशिरा. तेवढी रक्कम १२ टक्क्यांनी दीड वर्ष उसनी घेतली तर व्याजच ७ लाख २० हजार होतं, आणि ते बजेटमध्ये कुठंच नसतं. परदेशी वाचकाला ही ओळ पाहूनच निर्माता कसलेला आहे की नवखा, ते कळतं. 'अपेक्षित' लिहा, व्याजाची वेगळी ओळ धरा, आणि अनुदान नाही आलं तर काय कराल ते एका वाक्यात सांगा. बजेट रुपये आणि युरो दोन्हींत द्या, विनिमय दर कोणत्या तारखेचा तेही लिहा, आकस्मिक खर्चासाठी १० टक्के ठेवा.

दिग्दर्शकाचं टिपण इंग्रजीत लागतं. मराठीत लिहून मशीनकडून भाषांतर करून घेतलं की 'माळी', 'शिमगा', 'जोगती' यांचं काय होतं ते विचारू नका. भाषांतर माणसाकडून घ्या. सीमाभाग म्हणजे काय, एकाच घरात मराठी, कन्नड आणि उर्दू कशी बोलली जाते, हे चार ओळींत सांगा. तिकडच्या वाचकाला ते ठाऊक नसतं.

सहनिर्मितीच्या करारात वाटा, प्रदेशवार हक्क, वसुलीचा क्रम, मूळ मास्टरची मालकी, श्रेयनामावलीचा क्रम, हिशेब तपासण्याचा अधिकार आणि एकानं मधेच हात काढला तर काय, हे सगळं शूटिंगआधी सहीनिशी हवं.

पैसे येताना बँकेला त्याचं कारण सांगावं लागतं. दृक्‌श्राव्य सेवांसाठी रिझर्व्ह बँकेचा पी११०१ हा कोड आहे. शाखेतल्या माणसानं सवयीनं 'कुटुंबासाठी' किंवा 'देणगी' टाकलं, तर ते दुरुस्त करून घेईपर्यंत हिशेब अडकतो. रक्कम निर्मिती फर्मच्याच खात्यात घ्या, ओळखीच्या सांस्कृतिक ट्रस्टच्या खात्यात नको. ट्रस्टकडे परदेशी निधीची एफसीआरए नोंदणी नसेल तर तो गुन्हाच ठरतो. फर्मलासुद्धा नुसतं अनुदान म्हणून परदेशातून रक्कम येत असेल, तर ती कोणत्या कराराखाली येते हे सीएकडून आधी ठरवून घ्या. प्रत्येक हप्त्याचं एफआयआरसी, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचं बँकेचं प्रमाणपत्र, त्याच आठवड्यात मागा आणि त्यावर हप्त्याचा क्रमांक लिहून फाईलला लावा. शेवटच्या हिशेबाच्या वेळी तिकडचा ऑडिटर आधी तेच मागतो.